बुजणारं दार

फायरमनने दारात पाडलेली चीर पुन्हा बुजली. जखम भरावी तसा या दाराचा धातू आपोआप सांधला जायचा.

"याला सर्वांत वरचं प्रमाणपत्र आहे," श्रीरंग तोरणे हताशपणे म्हणाला. "अर्धा तास तरी कुणालाच फोडता येत नाही."

सोसायटीच्या सभेत भांडून त्यानंच हे दार घ्यायला लावलं होतं, कारण आई दिवसभर घरात एकटी असायची. आतून कडी लावून बस, असंही त्यानंच तिला बजावलं होतं. आता ती आत पाय मोडून पडली होती.

"कुणालाच म्हणजे आम्हालाही," फायरमन म्हणाला आणि त्यानं करवत क्षणभर थांबवली.

त्या शांततेत आतून आईचा आवाज आला. "थांब रे, मी उघडते."

मग ती फरशीवरून दाराकडे सरपटू लागल्याचं श्रीरंगला ऐकू आलं.