सांडलेलं पाणी

दरवर्षी ईस्टरआधीच्या गुरुवारी फादर भर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे, आणि आपल्याइतका नम्र माणूस शोधूनही सापडायचा नाही, असं त्यांना मनोमन वाटायचं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हापासून मात्र चर्चचा म्हातारा झाडूवालाच रोज त्यांचे पाय धुवत होता.

"तीस वर्षांत तुझे पाय मी एकदा तरी धुतले का रे?" एका सकाळी टबात पाय सोडून बसलेले असताना त्यांनी थकल्या आवाजात विचारलं.

"मला कुठे सवड असायची, फादर! तुमचं उरकलं की सांडलेलं पाणी पुसायचं असायचं ना."



फादर खुर्चीवरून कसेबसे खाली घसरले आणि धडधाकट डावा हात टबात घालून म्हणाले, "चपला काढ, वर बस. सांडलेलं आज मी पुसतो."