आक्काची ओवाळणी

विमलआक्कानं निरांजनाचं ताट हातात घेतलं, पण ओवाळलं नाही. पाटावर बसलेला उत्तरेश्वर डोक्यावरची टोपी सारखी करत वाट बघत राहिला.

“औंदा साडी नको मला,” आक्का म्हणाली. “औंदा मी मागीन ते दे.”

“माग की,” उत्तरेश्वर हसला. “तुला न्हाई म्हणायला तोंड हाय का मला?”

हे तो मनापासून बोलला. काही दिवाळ्यांमागं याच थोरल्या बहिणीनं आपली एक किडनी त्याला दिली होती. तिच्या सासरच्यांनी आदळआपट केली, तिनं कुणाचं ऐकलं नाही. तेव्हापासून दर भाऊबीजेला चकलांब्याच्या या ओसरीत, भावकीदेखत, तो तिच्या पायांवर डोकं ठेवायचा आणि दर वर्षी त्याचे डोळे भरून यायचे. तिनं मात्र त्यातलं अवाक्षर कधी काढलं नव्हतं. एकदा तरी काढलं असतं तर बरं झालं असतं, असं अलीकडं त्याला वाटू लागलं होतं.

“तुझ्या संस्कृतीला माझ्या सुरजसाठी दे,” आक्का म्हणाली.

दाराशी खुर्चीवर बसलेल्या सुरजनं मान खाली घातली. तेलगावात त्याचा ऊस होता, बांधलेलं घर होतं, पोरातही खोट नव्हती. पण तिशी उलटली तरी शेतावरच्या पोराला कुणी मुलगी देईना. आक्कानं किती उंबरे झिजवले ते सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

करंज्यांचं ताट घेऊन आलेली उत्तरेश्वरची बायको मंजुषा जागीच थांबली. “वन्सं, पोरगी अजून नर्सिंग शिकतीया...”

“शिकू दे की. मी काय पुस्तकं जाळणार हाय का तिची?”

“आत्याच्या घरी भाची देणं काय नवं हाय?” कोपऱ्यातून चुलते तात्याबा बोलले. “उत्तरा, दे शब्द. तिनं तुला दिलं तवा इचार करत बसली व्हती का?”

उत्तरेश्वर पाटावर मागं सरकला. समोर ताट होतं, मागं भिंत. ओवाळून होईस्तोवर पाटावरून उठायचं नसतं, म्हणून तो मांडी घालून तसाच बसून होता.

“आक्का, दुसरं काय बी माग. माझा जीव माग.”

“त्यो मागून काय करू? मीच तर दिलाय.”

ती बोलून गेली आणि तिच्याच हातातली ज्योत हलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिच्या तोंडून बाहेर पडलं होतं. तात्याबांनी मान डोलावली. सुरज म्हणाला, “आई, पुरं.”

तेवढ्यात संस्कृती आतून बाहेर आली. चौकटीला धरून उभी राहिली.

“पप्पा, आत्यामुळं तुमी हायेत. तुमी म्हणाल तसं करीन मी.”

तिचा आवाज अगदी सरळ होता. ती रडत नव्हती. उत्तरेश्वरनं तिच्याकडं बघितलं. ती बापाकडं बघतच नव्हती. ती बघत होती आत्याच्या पायांकडं, तो स्वतः दर भाऊबीजेला बघायचा तसं.

“न्हाई,” उत्तरेश्वर म्हणाला.

“काय म्हणलास?” आक्कानं विचारलं.

“न्हाई द्यायची. तू मला दिलंस आक्का, तिला न्हाई. काय मागायचं ते माझ्याकडून माग. पोरीला यात घालू नको.”

“बेइमान!” तात्याबा काठी आपटत उठले. “असल्यासाठी पोट फाडून घेतलं व्हय गं इमल!”

आक्कानं ताट वर उचललं आणि ओवाळलं. घाई केली नाही, काही वगळलं नाही. कुंकवाचं बोट कपाळाला टेकताना मात्र घसरलं आणि कुंकू त्याच्या नाकावर सांडलं. उत्तरेश्वरनं साडी ताटात ठेवली. तिनं ती काढून पाटाशेजारी ठेवली. तो पाया पडायला वाकला, तशी ती मागं सरली.

“नको. आता ऱ्हाऊ दे.”

मंजुषानं जेवून जायची विनवणी केली. आक्का पिशवी उचलून दाराकडं चालू लागली. सुरज आधीच बाहेर जाऊन गाडी चालू करून बसला होता. जाताना तो संस्कृतीला एवढंच म्हणाला होता, “मी नको मागू म्हणलो व्हतो तिला.”

उंबऱ्यात आक्का थांबली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

“मंजे, त्याची किडनीची सकाळची गोळी ऱ्हायलीया. फराळाला हात लावायच्या आत दे.”

गाडी वेशीकडं वळल्याचा आवाज आला. मंजुषानं गोळी आणि पाण्याचा तांब्या आणून उत्तरेश्वरच्या पुढ्यात ठेवला. तो अजून पाटावरच होता, नाकावरच्या कुंकवासकट. त्यानं गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, मग आणखी एक, मग तांब्याच तोंडाला लावला. तांब्या रिकामा झाला तरी गोळी जिभेवरच होती.