एका बोटाचा डबा

टण्ण करून झाकण उघडलं, आणि दुपारभर मुकं पडलेलं घर जागं झालं.

म्हाळसानं ओठ दाताखाली धरला. चमच्याच्या दांड्यानं किती हळू उचकटलं होतं! पण तेलाच्या डब्याचं झाकण ते, वाजायचं तिथं वाजलंच. सोप्यातलं सासूबाईंचं घोरणं थांबलं. फडताळासमोर उकिडवी बसलेली पाच वर्षांची श्रेया दोन्ही हातांनी स्वतःचंच तोंड दाबून धरून बसली.

"कोण हाय गं?"

"मी हाय, आत्या. तुमी पडा."

"कंचा डबा?"

म्हाळसानं मूठभर शेवया ताटलीत काढल्या. डब्यावर चुन्याचं एक बोट ओढलेलं होतं.

द्वारकाबाईंना अक्षर येत नव्हतं. पण फडताळातल्या बावीस डब्यांत काय आहे आणि कधीचं आहे, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. एक बोट म्हणजे यंदाचं, सत्त्याण्णवचं. दोन बोटं गेल्या सालाचं. तीन बोटं त्याच्याही आधीचं. शेवया, कुरडया, सांडगे, हुलगे, मटकी. लासुर्ण्यात कुणाकडं ऐनवेळी माणसं जेवायला आली की बाया म्हणायच्या, द्वारकाबाईंकडं बघा, तिथं असणारच. आणि असायचंच. घरात मात्र एकच नेम, जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही. आणि जुनं संपेपर्यंत नवं जुनं झालेलं असायचं. म्हाळसानं या घरात सात चैत्र शेवया केल्या होत्या. सातही वर्षं गेल्या सालच्याच खाल्ल्या होत्या.

यंदा तिनं लेकीला शब्द दिला होता. दोन दिवस श्रेया अंगणात बाजेपाशी बसून वाळत्या शेवया राखत होती. डोक्याला आईचा टॉवेल, हातात तुराटी. चिमण्या हाकलल्या, दोनदा शेजारचं करडू हाकललं. दुसऱ्या दिवशी ऊन लागून नाकातून रक्त आलं, तरी उठली नाही. "ह्या तुज्या शेवया," म्हाळसा म्हणाली होती. "तुलाच पयल्यांदा करून घालीन."

द्वारकाबाई पदर सारखा करत दारात आल्या. त्यांनी आधी डब्यावरचं बोट बघितलं, मग सुनेच्या ताटलीतली मूठभर शेवई.

"ठेव ती. खालचा काढ, दोन बोटांचा."

"त्यात किडं झाल्यात, आत्या."

"उनात टाकलं की जात्यात. तुला काय चावत्यात का?"

म्हाळसानं खालचा डबा ओढला. झाकण निघालं तसा कोंदट वास आला. निम्म्या शेवयांचं पीठ झालं होतं आणि पिठातून काळे ठिपके सावकाश चालले होते. श्रेयानं वाकून बघितलं आणि मागं सरकली.

"आई, ते चालतंय!"

म्हाळसानं सूप घेतलं आणि पाखडायला लागली. धाडधाड, धाडधाड. चुरा चुलीपर्यंत उडाला.

"सुपानं काय घोडं मारलंय तुजं?" म्हणत द्वारकाबाई शेजारी टेकल्या.

"मूठभर मागतीय पोरगी. तिनं राखल्यात त्या."

"राखलं म्हंजी खायाचं? मग कारखान्याच्या वॉचमननं रोज साकरंचं पोतं घरी न्यावं."

श्रेयाला तेवढ्यातही हसू आलं. म्हाळसाला आलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं.

"परवा प्रयागताई सासरी कऱ्हाटीला निघाल्या, तवा पिशवी भरून दिली. ती कंच्या डब्यातली?"

"एका बोटाच्या," म्हातारी काहीच लपवायचं नसल्यासारखी म्हणाली. "पोटची असली तरी पाव्हणीच ती आता. लगीन लागलं त्या दिवसापासनं पाव्हणी. पाव्हण्याला का किडकं देत्यात?"

"आन् तुमी? तुमी ह्या घरात नव्या शेवया कवा खाल्ल्या?"

द्वारकाबाईंचा हात सुपात थांबला. पाखडलेल्यातला सगळ्यात बारीक चुरा त्या स्वतःच्या वाटीत वेगळा काढत होत्या. रोज काढायच्या, कुणाला न सांगता. त्यांनी आढ्याकडं बघितलं. खरंच आठवून बघितलं. ओठ जरा हलले.

"घरच्या माणसाला काय," शेवटी त्या म्हणाल्या, "काय बी चालतंय."

म्हाळसानं सासूकडं बघितलं. भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं. एक म्हातारी होती, चुऱ्यातून किडा चिमटीत धरून बाजूला टाकणारी. तिचा राग आला, आणि तो कुठं ठेवावा ते कळेना. तिनं ताटलीतली मूठ डब्यात परत सोडली आणि झाकणावर तळहात जोरात मारला. हात झिणझिणला.

"गूळ जरा हात सोडून घाल," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "वास लागत न्हाय मग पोरीला."

म्हाळसा चुलीकडं वळली. मागनं श्रेयानं तिच्या साडीचा काठ धरला. ती रडत नव्हती. ती दुसऱ्या हाताची बोटं मोजत कसला तरी विचार करत होती.

"आई, मी कवा व्हनार गं पाव्हणी?"