बापाची धार

टिरोलच्या डोंगरमाथ्यावर अंतिम शर्यत सुरू व्हायला दोनच मिनिटं होती आणि बुर्गल बापावर उखडली होती. “माझ्याविरुद्ध रोसविता उतरतेय, आणि तिच्या स्नोबोर्डला तूच धार लावलीस?” “खोऱ्यात कानस चालवणारा मी एकटाच, पोरी.” “निदान कड जरा बोथट ठेवायचीस!” कड रुतली तरच बर्फ कापत वळता येतं, नाहीतर घसरगुंडी. धार लागली का, हे बाप कडेवर अंगठ्याचं नख ओढून बघायचा. त्यानं हातमोजे काढले. दोन्ही नखं सारखीच तासलेली होती. “डावं तुझ्या फळीवर तासलं, उजवं तिच्या.” बुर्गलनं दोन्ही नखं निरखून पाहिली. वर्षभर गाव म्हणत होतं, पोरगी नाही, बापाची धार जिंकते. तिला हसू फुटलं. “म्हणजे आज जिंकले, तर श्रेय माझं एकटीचं!” “आणि हरलीस तर?” “तर धार तुझी!” शर्यतीचं फाटक उघडलं आणि ती सुसाट सुटली.