गाईचा आवाज

शिल्पा मॅडमनी कापडी पिशवीतून प्लास्टिकची गाय काढून अमरेशच्या नाकासमोर धरली. "ही कशी करते?"

अमरेशनं ओठ मिटले, मग तोंड मोठं उघडलं. 'हम्मा'चा आकार अगदी बरोबर झाला. आवाज मात्र आला नाही.

"चार वर्षांचा होत आला," खुर्चीवरून हणमंतराव म्हणाले. "आमच्या घरातलं समदं बोलणं मीच संपवून टाकलंय, म्याडम. नातवाला काही उरलंच न्हाई." ते स्वतःच हसले. बिलोलीहून नांदेडला, मॅडमच्या वाचा-उपचार केंद्रात, नातवाला दर आठवड्याला तेच घेऊन येत. सून वर्षाराणी जीपमध्ये मागं बसून येई.

"आवाज आहे त्याला," शिल्पा मॅडम म्हणाल्या. "हसतो खणखणीत, रडतोही. फक्त बोलताना गिळतो. वर्षाराणी, घरी हे खेळ घेता ना?"

वर्षाराणीनं मान हलवली.

"घेती की! रोज घेती," हणमंतराव म्हणाले. "मी ओसरीवरच असतो. माझ्या डोळ्यांदेखत चालतंय समदं."

"आजोबा, त्यांना सांगू द्या. कसं घेता, दाखवा बरं."

वर्षाराणीनं गाय हातात घेतली. ओठ मिटले, मग तोंड मोठं उघडलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी राहिली.

सासऱ्यांच्या कानावर जाईल असं सुनेनं बोलू नये, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासू तशीच वागत आली होती, जाऊही. म्हणून ती सगळे खेळ असेच घेई. लेक तिच्या ओठांकडं बघून शिकला होता.

मॅडमनी आईच्या ओठांकडं पाहिलं, मग लेकाच्या.

"आजोबा, जरा बाहेर बसता का?"

"मी? आता मी काय केलं?" म्हणत ते उठले. जाताना अमरेशचा गालगुच्चा घेतला. दार लागलं.

मॅडमनी अमरेशचा तळवा वर्षाराणीच्या गळ्यावर ठेवला. "आता काढा आवाज. गोठ्यातल्या गाईचा. भुकेल्या."

पहिल्यांदा नुसता श्वास आला. वर्षाराणीला लाज वाटली नाही, भीतीही नाही. काहीच वाटलं नाही.

दुसऱ्यांदा आवाज फुटला. जाडाभरडा, पोटातून आलेला. अमरेशनं दचकून हात काढला. मग पुन्हा ठेवला. दुसरा हात स्वतःच्या गळ्यावर नेला.

"म्म," त्याचा बारीक आवाज निघाला. "म्मा."

"थांबू नका," मॅडम हळूच म्हणाल्या. "दोघं मिळून."

दोघं मिळून हंबरले. भिंतीपलीकडं हणमंतरावांचं कुणाशी तरी चाललेलं बोलणं तुटलं.

दार ढकलून ते आत आले. डोळ्यांत पाणी होतं. "बोललं ना पोरगं? म्या बाहेरून वळखला त्याचा आवाज!"

मग ते खोलीभर बघू लागले. कपाटाच्या कडेला वाकून पाहिलं, मोठ्या आरशामागं पाहिलं. समोर बसलेल्या सुनेवरून त्यांची नजर तशीच पुढं गेली.

"म्याडम," त्यांनी विचारलं, "त्याच्यासंगं ओरडून राहिली व्हती ती बाई कुठं गेली?"