मूळ कारण

२०१८ साली अमेरिकेत मॉरिसव्हिलजवळच्या आमच्या कारखान्यात काँक्रीटच्या तयार भिंती बनायच्या. मी तिथे तपासणीला होते. वेळ-माल वाया न घालवायची 'लीन' पद्धत आणायला नेमलेल्या यतीनने नियम केला होता: चूक झाली की ओरडायचं नाही, पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं.

एके सकाळी आमच्या इंजिनिअर चारुताने खिडकीची चौकट न बसवताच साच्यात काँक्रीट ओतून घेतलं. लाइन थांबली. अमेरिकन कामगार भोवती जमले, म्हणून यतीनने मराठीतच सुरुवात केली.

"खिडकी का राहिली?"

"लक्ष नव्हतं."

"का?"

"शनिवारी बॉथेल गावचा एक मुलगा मला बघायला येतोय."

यतीनचा आवाज एकदम उतरला. "छानच की. मग टेन्शन का?"

"मला त्याला हो म्हणायचं नाहीये."

"का?"

"मला दुसराच आवडतो, यार."

"मग त्याला सांगत का नाहीस?"

"सांगतेय की. तुझा पाचवा 'का' यायची वाट बघत होते."

फोरमनने विचारलं, कारण सापडलं का? यतीनचे कान लाल झाले होते. म्हणाला, "सापडलं. पण कायमचा उपाय व्हायला डिसेंबर उजाडेल."

 

बॉथेलचा मुलगा आता जुळ्यांचा बाप आहे, मी निवृत्त होऊन नातवंडं सांभाळते, चारुता त्याच कारखान्याची मॅनेजर झाली, आणि तिचा नवरा यतीन घरात कुणालाही दुसऱ्यांदा 'का' विचारत नाही.