चिमीचं मागणं

मुलांना बाहेरचं वारं लागू नये, असं बाबांनी ठरवलं आणि आईने शिक्षिकेची नोकरी सोडून घरातच शाळा मांडली. जेवणाच्या टेबलावरच पाढे, तिथेच बायबल, भाजी निवडणंही तिथेच. दोन वर्षं तिने उंबरठा ओलांडला तो फक्त कचरा टाकायला. प्रार्थनेचा नियम मात्र तिचा होता: पोपटपंची चालणार नाही, मनातलंच मागायचं, आणि ज्याला तेच हवं असेल त्यानेच आमेन म्हणायचं.

आज पाळी सहा वर्षांच्या चिमीची होती.

"प्रभू येशू, आई रोज खिडकीतून शाळेची बस बघत राहते. तिला परत शाळेत घाल ना."

बाबांनी खाडकन डोळे उघडले. दादाने जीभ चावली.

आईने मात्र डोळे न उघडताच म्हटलं, "आमेन."